पंप बदलण्याआधी टाकीचं झाकण उघडा

मार्चच्या मध्यापासून मेअखेरपर्यंत रत्नागिरीतल्या कुठल्याही चांगल्या मिस्त्रीच्या दारात चार-पाच गाड्या रांगेत असतात. बागायतदाराला पेट्या आजच वाशीला पोचवायच्या असतात, गाडीवाल्याला संध्याकाळी भरून रात्री हातखंबा तिठ्यावरून महामार्गाला लागायचं असतं, आणि नेमकं तेव्हाच स्टिअरिंग जड होतं. कलमांच्या बागेत गाडी मागे घेताना बॉनेटखालून हंबरल्यासारखा आवाज येतो, चाक वळवायला दोन्ही हात आणि खांदा लावावा लागतो. कोणीतरी म्हणतं, "पंप गेला." मग दोन दिवस गाडी उभी. म्हणून हल्ली बरेच जण पंप बदलायचं काम घरच्या खळ्यातच करायचं ठरवतात. ते जमण्यासारखं आहे. गाडीच्या पुढच्या भागातली जी कामं घरी करता येतात, त्यांत हे मधल्या अवघडपणाचं. ज्यानं स्वतः ऑइल फिल्टर, पट्टा, एखादा पाइप बदलला आहे त्याला हात घालायला हरकत नाही. ज्यानं पाना कधी धरलेला नाही त्यानं मात्र पहिल्या वेळी जाणत्या माणसाला शेजारी उभं करावं.

पण पंप विकत आणण्याआधी अर्धा तास तपासणीला द्या, ही माझी सगळ्यात आग्रहाची विनंती आहे. मी पाहिलेल्या गाड्यांमध्ये 'पंप गेला' म्हणून आलेल्या कितीतरी गाड्यांचा पंप शाबूत होता. दोष एका ढिल्या क्लिपचा होता, गच्च भरलेल्या फिल्टरचा होता, नाहीतर वर्षभर ग्रीस न मिळालेल्या किंगपिनचा होता. आणि ज्यांचा पंप खरोखर गेला होता, त्यांतल्याही बऱ्याच गाड्यांत पंप आपल्या मरणानं मेला नव्हता. त्याला घाणेरडं तेल पाजून मारलं होतं. कारण तसंच ठेवून नवा पंप बसवला तर तोही त्याच वाटेनं जातो.

आधी तुमच्या गाडीत पॉवर स्टिअरिंगला तेलाचा दाब देणारा पंप आहे का ते बघा. टाटा इंट्राच्या काही मॉडेलांसारख्या नव्या छोट्या गाड्यांत स्टिअरिंगला विजेच्या मोटरची मदत असते. तिथे तेल नाही, टाकी नाही, आणि हा लेखही कामाचा नाही. पिकअपसारख्या गाड्यांत पंप बहुधा इंजिनच्या पुढे, पट्ट्यावर चालतो. मोठ्या ट्रकमध्ये तो पुष्कळदा टायमिंग गिअरवर किंवा एअर कॉम्प्रेसरच्या पाठीशी बसवलेला असतो. तिथे पट्टा नसतो, इंजिन फिरलं की पंप फिरतो.

आत काय चालतं हे डोळ्यांसमोर असलं की पुढचं सगळं सोपं जातं. पंपाच्या पोटात लंबगोल पोकळीची एक कडी असते. तिच्यात खाचा पाडलेला रोटर फिरतो आणि त्या खाचांत पोलादाच्या छोट्या पात्या मागेपुढे सरकत असतात. पात्या कडीला घासत फिरतात, एका बाजूनं तेल ओढतात, दुसऱ्या बाजूनं दाबून पुढे ढकलतात. इंजिन कितीही जोरात फिरलं तरी ठरावीकच तेल पुढे जावं आणि दाब मर्यादेबाहेर जाऊ नये म्हणून आतच व्हॉल्व्ह बसवलेले असतात. हा दाब ट्रकमध्ये १०० ते १५० बारच्या घरात जातो. तुमच्या ट्रकच्या टायरमध्ये सात-आठ बार हवा असते, म्हणजे त्याच्या पंधरा-वीस पट. पात्या आणि त्यांच्या खाचा यांच्यातली फट केसाच्या जाडीहूनही कमी. तेव्हा चिंधीचा एक धागा किंवा जांभ्याच्या धुळीचे चार कण या पंपाला काय करतील याची कल्पना करा. चाकाला तेलाच्या दाबाची मदत देण्याची ही युक्ती पहिल्यांदा नीट चालवून दाखवली ती फ्रान्सिस डेव्हिस या अमेरिकन इंजिनिअरनं, १९२६ साली. त्याआधी तो पियर्स-ॲरो कंपनीच्या ट्रक विभागात होता. जड ट्रकचं चाक वळवताना ड्रायव्हरची काय दमछाक होते ते त्यानं तिथंच पाहिलं होतं. ही सोय मुळात आपल्यासारख्या ट्रकवाल्यांच्या खांद्यांसाठी शोधली गेली आहे, हे मला नेहमी महत्त्वाचं वाटत आलं आहे.

आता तपासणी. सपाट जागी गाडी उभी करा आणि टाकीचं झाकण उघडण्याआधी ते भोवतीनं स्वच्छ पुसा. आमच्याकडच्या लाल धुळीचा थर झाकणावर असतोच आणि झाकण फिरवलं की तो थेट आत पडतो. आत तेलाची पातळी, रंग आणि वास बघा. बऱ्याच गाड्यांत लालसर एटीएफ तेल असतं. ते काळं पडून जळका वास येत असेल तर तेल तापलेलं आहे. दुधासारखं गढूळ दिसत असेल तर पाणी शिरलं आहे. वर्षाला ३००० मिलिमीटरहून जास्त पाऊस पडणाऱ्या या जिल्ह्यात जून ते सप्टेंबर उघड्यावर उभ्या राहिलेल्या गाडीत हे सहज होतं. झाकणाचा रबर फाटलेला असला की पुरे.

मग इंजिन चालू करून पातळीवर खूण करा, चाक सरळ ठेवा आणि इंजिन बंद करून पुन्हा बघा. बंद केल्यावर तेल एक-दोन सेंटिमीटरहून जास्त वर आलं, तर आत हवा आहे. दाबाखाली आकसलेली हवा इंजिन थांबल्यावर फुगते आणि तेल वर ढकलते. तेलावर फेस दिसला तरी तेच. ही हवा बहुधा टाकीतून पंपाकडे येणाऱ्या जाड पाइपातून, म्हणजे सक्शन पाइपातून शिरते. इथे एक गोष्ट मनात पक्की धरा: सक्शन पाइपाची क्लिप ढिली असली तर तेल गळेलच असं नाही. तिथे पंप ओढत असतो, त्यामुळे फटीतून तेल बाहेर येण्याऐवजी हवा आत जाते. पाइप बाहेरून कोरडा खडखडीत, आणि पंप मात्र हंबरतोय. वीस-तीस रुपयांच्या क्लिपसाठी हजारो रुपयांचा पंप फेकला जातो तो असा. क्लिप आवळा, पाइपाला चिरा पडल्या असतील तर तो बदला, हवा काढा, आवाज जातो का ते बघा.

फिल्टर टाकीतच असतो, आणि तो बदलायचा असतो हेच अनेकांना माहीत नसतं. पाच-सहा वर्षं चाललेल्या ट्रकचा फिल्टर काढून पाहिला की त्यावर शेवाळासारखा काळा थर निघतो. पट्ट्यावर चालणारा पंप असेल तर पट्टा बघा. चकाकी आलेला, तेलानं भिजलेला पट्टा घसरतो आणि चाक पूर्ण वळवताना किंचाळतो.

जडपणाची जातही ओळखायला हवी. चाक दोन्ही बाजूंना जड, मंद इंजिनवर जास्त जड आणि ॲक्सिलरेटर दिला की हलकं होत असेल, तर पंप झिजल्याची शंका रास्त आहे. एकाच बाजूला जड असेल तर पंपाकडे बघूच नका. पंपाला डावं-उजवं कळत नाही, दोष स्टिअरिंग बॉक्समध्ये आहे. पुढचा ॲक्सल उचलून, इंजिन बंद ठेवून चाक हातानं फिरवलं आणि ते अडकत-अडकत फिरलं, तर किंगपिन, टायरॉड एंड आणि ड्रॅगलिंककडे वळा. टायरमधली हवा तर सगळ्यात आधी. मिरकरवाड्याहून मासळी नेणाऱ्या गाड्यांत मी किंगपिनचा दोष जास्त पाहिला आहे, कारण हौद्यातून ठिबकणारं खारट पाणी ग्रीस धुऊन नेतं आणि पोलादाला खातं. त्याच गाड्यांत प्रेशर पाइपाचा लोखंडी भागही बारीक खड्डे पडून झिजलेला असतो. पंप बदलताना तो पाइप बोटानं चाचपून बघायला विसरू नका. अर्थात इंजिन बंद असतानाच.

गिअरवर चालणाऱ्या पंपाची आणखी एक खूण आहे. टाकीतलं तेल कमी होत जातं, पण गाडीखाली थेंबही दिसत नाही. पंपाच्या दांड्यावरचं सील फाटलेलं असतं आणि तेल थेट इंजिनात जात असतं. अशा वेळी इंजिन ऑइलची पट्टी काढून बघा. पातळी कारण नसताना वाढलेली दिसेल. कधी उलटंही होतं, इंजिनचं काळं तेल स्टिअरिंगच्या टाकीत येतं. ही खूण सापडली तर पंप काढायलाच हवा आणि नंतर इंजिन ऑइलही बदलायला हवं.

एवढं करून दोष पंपाचाच ठरला तर खरेदी. जुन्या पंपावर एक छोटी पट्टी किंवा कोरलेला क्रमांक असतो. डिझेलनं पुसा, मोबाइलवर फोटो काढा. क्रमांकाशिवाय तीन गोष्टी जुळाव्या लागतात: मिनिटाला किती लिटर तेल, किती दाब आणि फिरण्याची दिशा. दिशेचा बाण पंपावर असतो. दिसायला अगदी सारखे पंप डावे-उजवे असतात, आणि उलट्या दिशेचा पंप बसवला तर तो तेल ओढतच नाही. शक्य असेल तर जुना पंप काढून दुकानात समोर ठेवा. रत्नागिरीत मिळाला नाही तर कोल्हापूर आहेच. नवा पंप, सर्व्हिस केलेला पंप आणि सील किट हे तीन पर्याय दुकानदार पुढे ठेवेल. फक्त दांड्याचं सील गेलं असेल आणि पात्या ठीक असतील तर जाणत्या कारागिराकडून सील बदलून घेण्यात काही वाईट नाही. पात्यांनी कडीला ओरखडे पाडले असतील तर सील किटवर पैसे घालू नका. पंपाबरोबर फिल्टर, बँजो बोल्टचे तांब्याचे नवे वॉशर, ओ-रिंग किंवा गॅस्केट, सक्शन पाइपाच्या दोन क्लिपा आणि गाडीच्या पुस्तकात सांगितलेल्या जातीचं तेल घ्या. मापापेक्षा दोन लिटर जास्त, कारण धुवायला लागेल. ब्रेक ऑइल या टाकीत थेंबभरही जाता कामा नये. त्यानं रबरी सील फुगतात.

जागेबद्दल थोडं सविस्तर बोलायला हवं, कारण पंपापेक्षा माणूस मोलाचा. खळं सारवलेलं असेल, माती भुसभुशीत असेल, तर जॅकखाली जाड फळी टाका. मागच्या चाकांना दोन्ही बाजूंनी जांभ्याचे चिरे लावा, हँडब्रेक ओढा. चिरा चाकामागे लावायला उत्तम आहे. पण उचललेल्या गाडीला टेकू म्हणून चिऱ्यांची चळत रचू नका, हे मी हात जोडून सांगतो. जांभा सच्छिद्र दगड आहे. घराच्या भिंतीत तो शंभर वर्षं टिकतो, कारण तिथे वजन सारखं वाटलेलं असतं. ॲक्सलचं वजन एका टोकावर आलं की तो काही इशारा न देता फुटतो. सिमेंटचे पोकळ ब्लॉकही तसेच. वजन पेलणारे लोखंडी स्टँड आणा, दोन तासांसाठी शेजारच्या गॅरेजमधून मागून आणा, पण स्टँडवरच गाडी ठेवा. नुसत्या जॅकवर असलेल्या गाडीखाली शिरायचं नाही. केबिन उलटवणारी असेल तर तिची अडणी बसल्याची खात्री हातानं करून घ्या. पाऊस पडत असताना हे काम काढू नका. ओल्या जमिनीवर जॅक सरकतो आणि उघड्या पाइपात पाणी जातं.

बॅटरीचा निगेटिव्ह काढा. इंजिन थंड होऊ द्या. मग पंपाभोवतीची सगळी जागा, पाइपांची टोकं आणि टाकी डिझेल आणि ब्रशनं घासून स्वच्छ करा, फडक्यानं कोरडी करा. यात अर्धा तास गेला तरी तो वाया गेला असं समजू नका. माझ्या हातून एका मोसमात हीच कसूर झाली होती. गाडी रात्री भरायची होती, मी घाईत टाकी न धुता, जुना फिल्टर तसाच ठेवून नवा पंप बसवला. जुन्या पंपाच्या पात्यांचा लोखंडी चुरा टाकीत होता. तीन आठवड्यांत नवा पंप त्याच सुरात हंबरायला लागला. पंपाचे पैसे गेलेच, पण आंबा ऐन भरात असताना गाडी चार दिवस उभी राहिली ते जास्त लागलं.

खाली घमेलं ठेवून आधी रिटर्न पाइप सोडा, टाकीतलं तेल उतरू द्या. मग सक्शन पाइप, मग प्रेशर पाइप. कुठला पाइप कुठे होता, कुठल्या कोनात होता याचे फोटो काढून ठेवा. प्रेशर पाइप जरा फिरून बसला तरी कशाला तरी घासत राहतो आणि काही महिन्यांनी फुटतो. सुटलेल्या प्रत्येक तोंडाला स्वच्छ प्लॅस्टिकची पिशवी रबरबँडनं बांधा. चिंधीचा बोळा कोंबायचा नाही, तिचे धागे आत राहतात.

खारी हवा खाल्लेले बोल्ट सहज सुटत नाहीत. आदल्या रात्रीच त्यांच्यावर गंज सैल करणारं तेल मारून ठेवलं तर सकाळी निम्मं काम झालेलं असतं. पाना पूर्ण बसल्याशिवाय जोर लावू नका. शक्यतो रिंग पाना किंवा बॉक्स पाना वापरा, डोकं गोल झालं की दोन तासांचं काम दोन दिवसांचं होतं. पट्ट्याच्या पंपात पट्टा ढिला करून काढा, मग पंपाचे बोल्ट. पुली जुन्या पंपावरून नव्यावर घ्यायची असेल तर ती पुलरनंच काढा आणि पुस्तकात सांगितलेल्या पद्धतीनंच बसवा. दांड्यावर हातोडी पडली की आतल्या पात्यांच्या कडीला धक्का बसतो, आणि नवा पंप गाडीवर चढण्याआधीच अधू होतो. गिअरच्या पंपात फ्लँजचे नट काढून पंप सरळ मागे ओढा. कधी मधला कपलिंगचा तुकडा सुटून पडतो, त्यावर लक्ष ठेवा. पंप बाहेर असताना इंजिन फिरवू नका. जुनं गॅस्केट खरवडताना इंजिनच्या भोकात तुकडा जाणार नाही अशा बेतानं, भोक झाकून खरवडा.

आता धुणं. टाकी काढून डिझेलनं धुवा, पूर्ण कोरडी करा, नवा फिल्टर बसवा. बॉक्समध्ये आणि पाइपात राहिलेलं जुनं तेलही काढायला हवं: पुढचा ॲक्सल स्टँडवर उचललेला असताना, पाइपांची मोकळी तोंडं घमेल्यात सोडून, एकानं चाक सावकाश या टोकाकडून त्या टोकाकडे फिरवायचं. काळं तेल थबकत-थबकत बाहेर येतं. ते यायचं थांबलं की पुरे. तेलात चमकणारा चुरा दिसला तर प्रेशर पाइप काढून वेगळा धुवावा लागेल.

नवा पंप बसवण्याआधी त्याच्या तोंडात थोडं स्वच्छ तेल ओता आणि दांडा बाणाच्या दिशेनं हातानं दहा-बारा वेळा फिरवा. कोरडा पंप पहिल्याच मिनिटाला पात्या खरवडून घेतो. ओ-रिंगला तेल लावा, तांब्याचे वॉशर नवेच टाका, पंप सरळ बसवा आणि सगळे बोल्ट आधी हातानं लागल्यावरच पाना घ्या. प्रेशर पाइपाचा नट हातानं तीन-चार आटे सहज गेला पाहिजे. अडला तर आटा तिरका धरला आहे, काढून पुन्हा लावा. किती आवळायचं हे गाडीच्या पुस्तकात असतं, टॉर्क पाना असेल तर तोच वापरा. पट्टा मधोमध अंगठ्यानं दाबला तर साधारण एक सेंटिमीटर दबावा. फार ताणलेला पट्टा पंपाची बेअरिंग खातो.

आणि मग हवा काढणं. घरी बदललेले बहुतेक पंप या टप्प्यावर बिघडतात, कारण इथपर्यंत माणूस दमलेला असतो आणि गाडी चालू करून बघायची घाई झालेली असते. पुढची चाकं उचललेलीच ठेवा. टाकी वरच्या खुणेपर्यंत भरा आणि दहा-पंधरा मिनिटं नुसती थांबा, तेल आपल्या वजनानं पंपात उतरू द्या. इंजिन बंद ठेवून चाक सावकाश दोन्ही टोकांपर्यंत दहा वेळा फिरवा. पातळी उतरेल, भरत राहा. बॅटरी जोडा. एक माणूस टाकीशी तेलाचा डबा घेऊन उभा, एक केबिनमध्ये. इंजिन क्षणभर चालू करून लगेच बंद करायचं. जुन्या गाडीत स्टॉपची केबल ओढून धरून नुसता स्टार्टर मारता येतो. टाकी झपकन रिकामी होते. ती पूर्ण रिकामी झाली तर पंप हवा गिळतो आणि सगळं पुन्हा पहिल्यापासून. पातळी उतरायची थांबली की इंजिन मंद चालू ठेवा आणि चाक हळूहळू टोकापासून टोकापर्यंत फिरवा. टोकाला दाबून धरू नका, नुसता स्पर्श करून परत या. टाकीत बुडबुडे येत राहतील, मग विरळ होतील, मग थांबतील. बॉक्सवर हवा काढायचा स्क्रू असेल तर तो थोडा सोडून बुडबुड्यांविना तेल यायला लागलं की आवळा. फेस फार झाला तर इंजिन बंद करून अर्धा तास चहाला जा. फेस घाईनं बसत नाही. ॲक्सिलरेटर देऊन हवा 'उडवून' लावण्याचा प्रकार मी पाहिला आहे. त्यानं हवेचे बुडबुडे आणखी बारीक होतात आणि तेलात मिसळून बसतात.

गळती शोधताना बोट फिरवायचं नाही. सुईच्या टोकाएवढ्या भोकातून शंभर बार दाबानं निघालेलं तेल कातडी भेदून आत जातं. वरून नुसता टाचणी टोचल्यासारखा ठिपका दिसतो, दुखतही नाही, आणि काही तासांत बोट सुजून काळं पडतं. पुठ्ठ्याचा तुकडा जोडाजवळ धरा, त्यावर डाग उमटतो. असं तेल कातडीत गेलंच तर घरगुती उपाय करत बसू नका. तडक रुग्णालय गाठा आणि 'दाबाचं तेल टोचलं आहे' असं स्पष्ट सांगा, कारण त्याला तातडीनं शस्त्रक्रिया लागते.

पहिली फेरी रिकाम्या गाडीची, सपाट रस्त्यावर. चाक हलकं आहे का, वळणानंतर आपसूक सरळ होतं का, आवाज येतो का. परत येऊन जोड आणि पातळी बघा. दुसऱ्या दिवशी पुन्हा. शंभरेक किलोमीटर झाल्यावर बोल्ट आणि पट्टा एकदा तपासा. सगळं नीट करूनही चाक जडच राहिलं तर थांबा. पंपातला दाबाचा व्हॉल्व्ह घरी उघडून आत वॉशर घालून दाब वाढवायचा सल्ला मिळेल, तो मानू नका. स्टिअरिंग बॉक्सही घरी उघडायचा नाही. इथून पुढे प्रेशर गेज असलेल्या मिस्त्रीचं काम आहे.

काढलेलं जुनं तेल पऱ्यात, शेतात किंवा विहिरीच्या आसपास ओतू नका. आपली जांभ्याची जमीन चाळणीसारखी आहे, वर ओतलेलं खाली विहिरीत उतरतं. २०१६ च्या घातक कचऱ्याच्या नियमांत वापरलेलं तेल येतं. डब्यात भरून, झाकण लावून, जुनं तेल रीतसर गोळा करणाऱ्या गॅरेजच्या पिंपात द्या.

रस्त्यावर पाइप फुटला तर काय, हेही आधी ठरवून ठेवलेलं बरं. चाक पूर्ण बंद पडत नाही, कारण स्टिअरिंग आणि चाकं यांची लोखंडी जोडणी कायम असते. पण भरल्या गाडीचं चाक एकदम इतकं जड होतं की ऐन वळणावर ते वेळेत वळेलच असं नाही. वेग उतरवून बाजूला घ्या आणि इंजिन बंद करा. गिअरवरचा पंप इंजिन चालू असेपर्यंत कोरडा फिरत राहतो आणि जाम होतो. 'हळूहळू घाट चढून जाऊ' असं म्हणणाऱ्याचं ऐकू नका.

कोल्हापूरला जाणारे ट्रक पालीहून वळतात, नाणीज आणि दाभोळे मागे टाकून साखरप्याला चहाला थांबतात आणि मग आंबा घाटाला लागतात. नव्या पंपाची पहिली भरलेली खेप असेल, तर त्या चहाच्या वेळात इंजिन बंद करून टाकीचं झाकण पुसून उघडा. पातळी खुणेवर, तेल लाल, वर फेस नाही, एवढं दिसलं की घाट चढा.